मराठी माध्यमातील मुलांच्या इंग्रजीतील त्याच त्या चुका : मूळ कशात आहे?

प्रश्न : इंग्रजीच्या शिक्षिका, चोपडा तालुका

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी आणि दहावीला इंग्रजी शिकवते. आमची बहुतेक मुले शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील असून ती घरी अहिराणी किंवा पावरी (सातपुड्यातील पावरा आदिवासींची बोली) बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि त्यानंतर इंग्रजीकडे वळतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे दहावीत येईपर्यंत मुलांची या भाषेशी नऊ वर्षांची ओळख झालेली असते. तरीही निबंधाच्या आणि पत्रलेखनाच्या वह्या तपासायला घेतल्या की दरवर्षी त्याच चुका समोर येतात.

मागच्या आठवड्यात कुटुंबावरचा निबंध लिहायला दिला होता. त्यातली ही काही वाक्ये पाहा : 'माय फादर आर फार्मर.' 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' 'वुई आर लिव्हिंग इन धिस व्हिलेज सिन्स ट्वेंटी इयर्स.' 'यस्टरडे आय हॅड गॉन टु चोपडा.' 'माय ब्रदर डिड नॉट केम विथ मी.' मी लाल शाईने दुरुस्ती करते, फळ्यावर नियम लिहून देते, तो पाच वेळा लिहूनही घेते. पुढच्या निबंधात तेच वाक्य पुन्हा जसेच्या तसे येते. मुले अभ्यासू आहेत आणि नियम विचारला तर तोंडपाठ सांगतात, म्हणून हा आळस नसावा असे मला वाटते. मग चूक माझ्या शिकवण्यात आहे का? आणि वर्षभरात सगळेच दुरुस्त होणार नसेल, तर आधी कोणत्या चुका हाती घ्याव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, अमळनेर

मॅडम, आपण दिलेली पाचही वाक्ये मी दोन-तीनदा वाचली. त्यातले एकही वाक्य निष्काळजीपणे लिहिलेले नाही. प्रत्येकाच्या मागे एक अगदी शुद्ध मराठी वाक्य आहे आणि मुलाने ते प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले आहे. मी स्वतः पाचवीत गेल्यावर इंग्रजीची मुळाक्षरे गिरवली आणि पुढे अनेक वर्षे हीच वाक्ये तपासली. चुकीच्या वाक्याचे मूळ मराठी वाक्य शोधण्याची सवय मात्र मला नोकरीच्या उत्तरार्धात लागली, याची खंत आहे.

पहिले वाक्य घ्या. 'माझे वडील शेतकरी आहेत' यातले 'आहेत' हे आदरार्थी बहुवचन आहे आणि 'आर' तिथून आला आहे. आपल्या वह्यांत एक गोष्ट तपासून पाहा : जो मुलगा 'माय फादर आर' लिहितो, तो 'माय मदर आर' असे बहुधा लिहिणार नाही, कारण आपल्याकडे आई 'आहे' असते आणि वडील 'आहेत' असतात. इंग्रजीत क्रियापदाच्या रूपातून आदर दाखवता येत नाही. वडील असोत, मुख्याध्यापक असोत वा राष्ट्रपती असोत, एक व्यक्ती म्हटली की 'इज'. हे एकदा मोकळेपणाने सांगितले की मुलांच्या मनातला संकोचही जातो, कारण 'इज' लिहिणे म्हणजे वडिलांना अरे-तुरे करणे असे काहींना खरोखर वाटत असते. त्याच वाक्यात 'अ' गळला आहे, कारण व्यवसाय सांगताना आपण 'एक शेतकरी' असे म्हणत नाही. इंग्रजीला तिथे 'अ फार्मर' लागतेच.

'सिन्स ट्वेंटी इयर्स' या चुकीचे मूळ 'पासून' या एका शब्दयोगी अव्ययात आहे. 'सोमवारपासून' आणि 'पाच दिवसांपासून' या दोन्ही ठिकाणी आपण तोच शब्द वापरतो. इंग्रजी मात्र विचारते की तुम्ही सुरुवातीचा क्षण सांगता आहात की मधला अवधी. क्षण असेल तर 'सिन्स मंडे', अवधी असेल तर 'फॉर फाइव्ह डेज'. मी वर्गात एवढेच करून घेत असे : 'पासून' आला की मुलाने आधी कॅलेंडरवर बोट ठेवायचे. एका चौकटीवर बोट ठेवता आले तर 'सिन्स', बोट ओढत न्यावे लागले तर 'फॉर'. क्रियापदाचीही तीच गोष्ट आहे. 'आम्ही वीस वर्षांपासून या गावात राहतो' यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून मुलगा 'आर लिव्हिंग' लिहितो; इंग्रजीला मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली गोष्ट सांगण्यासाठी 'हॅव बीन लिव्हिंग' हवे असते.

'यस्टरडे आय हॅड गॉन' ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांच्या पत्रांतही दिसते. आपण सहज म्हणतो, 'मी काल चोपड्याला गेलो होतो.' इथे 'होतो' केवळ गोष्ट घडून गेली एवढेच सांगतो. इंग्रजीतील 'हॅड गॉन' हे रूप दोन भूतकाळी घटनांपैकी आधीची घटना दाखवण्यासाठी असते : 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' मी स्टँडवर पोहोचलो त्याआधीच एसटी निघून गेली होती. दुसरी घटना वाक्यात किंवा संदर्भात नसेल तर सरळ 'आय वेंट टु चोपडा यस्टरडे'. मुलांना विचारावे, 'कशाच्या आधी?' या प्रश्नाला उत्तर नसेल तर 'हॅड' काढून टाकावा.

'डिड नॉट केम'चेही तेच आहे. 'आला नाही' म्हणताना 'आला' भूतकाळातच राहतो आणि 'नाही' फक्त त्याच्या शेजारी येऊन बसतो. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे 'डिड' एकट्याने उचलतो, मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते. 'डज नॉट गोज' ही चूकही याच न्यायाने दुरुस्त होते.

काही ठिकाणी मात्र मराठीच मुलाला वाचवू शकते आणि आपण तिचा उपयोग करून घेत नाही. मुले 'इफ इट विल रेन, वुई विल नॉट गो' असे लिहितात. पण मराठीत आपण 'पाऊस येईल तर' असे सहसा म्हणत नाही, 'पाऊस आला तर' म्हणतो. म्हणजे अटीच्या भागात भविष्यकाळ टाळण्याची सवय आपल्या कानाला आधीपासूनच आहे. इंग्रजीही तिथे 'विल' टाळते, फक्त भूतकाळाऐवजी साधा वर्तमानकाळ वापरते : 'इफ इट रेन्स.' 'तू पोहोचलास की फोन कर' याचेही तसेच, 'व्हेन यू रीच, कॉल मी.' याच्या उलट 'जरी-तरी'ची जोडी घात करते. 'जरी पाऊस होता तरी आम्ही खेळलो' हे मनात ठेवून मूल 'ऑलदो' आणि 'बट' दोन्ही लिहिते. इंग्रजीत त्यांपैकी एकच घ्यावा लागतो.

आधी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते क्रियापद आधी घ्यावे. 'अ', 'ॲन', 'द' चुकले तरी वाचणाऱ्याला अर्थ बहुधा कळतो. काळ चुकला की गोष्ट कधी घडली हेच बदलते.

उत्तर २ : पालक, शिरपूर

मी शिक्षिका नाही. पण सरांचे उत्तर वाचून लिहावेसे वाटले. माझी मुलगी आठवीत आहे. आधीच्या शाळेत तिने वर्गात 'माय हेड इज पेनिंग' असे म्हटले, तेव्हा तिला उभे करून सगळ्यांसमोर ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले गेले. त्यानंतर वर्षभर ती इंग्रजीत बोललीच नाही. तिने तर 'माझं डोकं दुखतंय' हेच सांगितले होते आणि तिला खरोखरच बरे नव्हते. मराठीत 'दुखणे' हे क्रियापद आहे, म्हणून तिने 'पेन'चे क्रियापद केले. 'आय हॅव अ हेडेक' हे योग्य वाक्य तिला पुढे दुसऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले आणि ती ते कधी विसरली नाही. मॅडम, आपण मुलांना दोष न देता स्वतःला प्रश्न विचारता आहात, हे वाचून एक आई म्हणून फार बरे वाटले.

उत्तर ३ : महाविद्यालयीन प्राध्यापक, धुळे

अमळनेरच्या सरांनी जे मांडले आहे ते मला मान्य आहे. त्यात एक भर घालतो आणि एका मुद्द्यावर वेगळे मत नोंदवतो.

भर अशी की, आपल्या मुलांच्या बाबतीत केवळ मराठीशी तुलना करून भागणार नाही, कारण त्यांची विचार करण्याची भाषा बहुधा अहिराणी असते. आपण शाळेत तिला वर्गाबाहेर ठेवतो, परंतु इंग्रजीच्या एका अवघड भागात ती प्रमाण मराठीपेक्षाही जवळची वाट दाखवते. 'तो रोज वावरमा जास' (तो रोज शेतात जातो) आणि 'तो वावरमा जाई ऱ्हायना' (तो शेतात जातो आहे) या दोन वाक्यांतला फरक आपल्याकडच्या लहान मुलालाही कळतो. पहिल्यात रोजची रीत आहे, दुसऱ्यात डोळ्यांसमोर चाललेली क्रिया आहे. इंग्रजीतील 'ही गोज' आणि 'ही इज गोइंग' यांच्यात नेमका हाच फरक आहे. मुलगा 'माय फादर इज गोइंग टु फार्म डेली' असे लिहितो, तेव्हा त्याला नियम सांगण्याआधी 'हे तू घरी कसं म्हणशील?' असे विचारावे. तो 'जास' म्हणाला तर 'गोज', 'जाई ऱ्हायना' म्हणाला तर 'इज गोइंग'. हा प्रयोग मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर केला आहे. व्याकरणाच्या तासाला कधीही तोंड न उघडणारी मुले त्या दिवशी पुढे येऊन बोलली. पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी असे काय करता येईल, हे ती भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी इथे जरूर लिहावे.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' याचे कारण थोडे निराळे आहे. पहिलीत 'आहे' म्हणजे 'ॲम', 'इज', 'आर' असे पाठ करून घेतले जाते. 'मला दोन भाऊ आहेत', किंवा 'माले दोन भाऊ शेतस', या वाक्यात 'आहे' असल्यामुळे मूल 'ॲम' ठेवते. मग 'जवळ असणे' म्हणजे 'हॅव' हेही आठवते आणि दोघांचा मेळ घालण्यासाठी 'इंग' लावते. भाऊ असणे, घर असणे, माहीत असणे, आवडणे या चालू क्रिया नाहीत, स्थिती आहेत, म्हणून 'आय हॅव', 'आय नो', 'आय लाइक'. 'वुई आर हॅविंग लंच' बरोबर आहे, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणे आणि जेवण चालू असते.

मतभेद असा आहे : सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत. काही आपण शिक्षक मंडळी निर्माण करतो. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' हे वाक्य पाहा. 'तो कुठे आहे, मला माहीत नाही' या मराठी वाक्यात 'तो' आधी येतो आणि 'आहे' शेवटी. मुलाने मराठीचा क्रम ठेवला असता तर 'व्हेअर ही इज' हे योग्य रूपच आले असते. परंतु प्रश्न म्हटला की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी, हे आपण इतके घोटून घेतो की प्रश्न नसलेल्या वाक्यातही मूल तो क्रम उलटा करते. 'ही कॅन प्लेज' हाही तसाच प्रकार आहे. 'ही' आला की क्रियापदाला 'एस' लावायचा, हे अपवाद न सांगता शिकवल्याचा तो परिणाम आहे. म्हणून लाल शाई वापरताना ही चूक मराठीतून आली आहे की आपल्या मागच्या धड्यातून, हे पाहणे मला आवश्यक वाटते.

आणखी एक. जे जे भारतीय आहे ते चूक, असे मुलांना सांगू नये. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला आणि त्याला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा मिळाली. 'आय हॅव अ डाउट' हे आपण 'मला शंका आहे' या अर्थाने म्हणतो आणि भारतात ते सर्वांना समजते. परंतु परदेशी माणसाला त्यातून अविश्वासाचा सूर ऐकू येऊ शकतो, म्हणून तिथे 'क्वेश्चन' म्हणणे बरे. 'पास आउट'चेही असेच. लष्करी प्रशिक्षणातील 'पासिंग आउट परेड' ठीक आहे, पण 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी-ट्वेंटी' याचा अर्थ अनेक ठिकाणी 'मी बेशुद्ध पडलो' असा घेतला जाईल. मुलांना अशी माहिती द्यावी. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकाला मान्य असलेलेच रूप लिहायला सांगावे.

उत्तर ४ : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नंदुरबार

सर्व गुरुजनांना नमस्कार. मी बँकेच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करतो. त्यात वाक्यातील चूक शोधण्याचे प्रश्न असतात, म्हणून या विषयावर माझी बरीच पाने लिहून झाली आहेत. माझे शिक्षणही मराठी माध्यमातच झाले आहे.

'अ' आणि 'ॲन' बद्दल मला एक गोष्ट फार उशिरा समजली. आम्हाला 'ए, इ, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ॲन' असे शिकवले होते आणि त्यामुळे 'ॲन युनिव्हर्सिटी' व 'अ अवर' या चुका कायम होत राहिल्या. खरा नियम उच्चाराचा आहे, आणि उच्चार पाहायचा तर देवनागरी आपल्या हाताशी आहेच. शब्द देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर, एसटी या सर्वांची सुरुवात स्वराने होते, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन एमएलए', 'ॲन एसटी बस'. युनिव्हर्सिटी आणि युरोपियन 'य'ने सुरू होतात, 'वन' हा शब्द 'व'ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-रुपी कॉइन'. रोमन लिपी इथे फसवते, आपली लिपी सहसा फसवत नाही. 'द' बाबत मी एवढेच लक्षात ठेवले आहे की नद्यांना आणि पर्वतरांगांना तो लागतो, गावांना लागत नाही : 'द तापी', 'द सातपुडा रेंज', पण नुसते 'नंदुरबार'.

इंग्रजी प्रिपोझिशनच्या बाबतीत आपले 'वर', 'ला' आणि 'शी' फार घोटाळा करतात. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', 'त्याला विचारले' म्हणून 'आस्क्ड टु हिम', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ'. योग्य रूपे 'डिस्कस्ड द टॉपिक', 'आस्क्ड हिम', 'मॅरीड टु' अशी आहेत. 'एक्सप्लेन मी' मध्ये उलट प्रकार होतो. तिथे 'टु' हवाच असतो आणि नेमका तिथेच आपण तो विसरतो.

काही ठिकाणी मराठीच मुलाला वाचवते, हा अमळनेरच्या सरांचा मुद्दा मला अनेकवचनाबाबत तंतोतंत पटला. 'माहिती' या शब्दाचे अनेकवचन आपण करत नाही, तसेच 'इन्फर्मेशन'चे करायचे नाही. 'माझ्या मित्रांपैकी एक' असे आपण म्हणतो, 'मित्रापैकी एक' म्हणत नाही, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. पण 'बातम्या', 'सल्ले' आणि 'केस' इथे मराठी वाट चुकवते, कारण इंग्रजीत 'न्यूज इज', 'ॲडव्हाइस' आणि डोक्यावरच्या केसांसाठी नुसते 'हेअर' येते. 'चुलतभाऊ', 'मामेभाऊ' या शब्दांत 'भाऊ' असल्यामुळे आपण 'कझिन ब्रदर' म्हणतो. 'कझिन' पुरेसे आहे. परीक्षा आपण 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'गिव्ह' करणारे शिक्षक असतात.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, चोपडा तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून मी या आठवड्यात दोन गोष्टी करून पाहिल्या. लाल शाईने सगळ्या चुका न दाखवता फक्त 'हॅड' तपासला. मुलांना वहीच्या पानाचे दोन भाग करायला सांगितले : डाव्या बाजूला घरी म्हणतात तसे वाक्य, अहिराणीत किंवा पावरीत, आणि उजव्या बाजूला इंग्रजी. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या दोन मुलांनी डावी बाजू पूर्ण भरून आणली. 'कशाच्या आधी?' हा प्रश्न तर आता मुलेच एकमेकांना विचारू लागली आहेत. 'माय मदर आर' शोधण्यासाठी मी जुन्या वह्या पुन्हा चाळल्या. सर म्हणाले तसेच निघाले, एकही सापडले नाही. शिरपूरच्या ताईंना सांगते, वर्गात कोणालाही उभे करून वाक्य म्हणायला लावत नाही.

एक अडचण आली. एका मुलीने 'परवा मामाच्या गावाला जाणार आहे' यासाठी 'द डे बिफोर यस्टरडे' असे लिहिले आणि मी चूक दाखवल्यावर तिने विचारले की मग 'परवा'ला इंग्रजीत नेमका शब्द कोणता? तिला काय सांगावे?

निवृत्त शिक्षक, अमळनेर

मॅडम, तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही जातो. 'परवा गेलो' की 'परवा जाईन' हे क्रियापदावरून ठरते. इंग्रजीत असा एक शब्द प्रचारात नाही, म्हणून कालच्या मागचा दिवस 'द डे बिफोर यस्टरडे' आणि उद्याच्या पुढचा 'द डे आफ्टर टुमारो'. तिला आधी मराठी वाक्यातले क्रियापद अधोरेखित करायला सांगा. 'जाणार आहे' असे दिसले की 'टुमारो' असलेला शब्दसमूह घ्यायचा. आणि तिच्या वहीत डाव्या बाजूला 'परवा' दोनदा लिहून घ्या, एकदा 'गेले होते' सोबत आणि एकदा 'जाणार आहे' सोबत. पहिल्या वाक्याचे इंग्रजी करताना ती पुन्हा 'हॅड गॉन' लिहिते का, तेही त्याच वेळी पाहता येईल.